तांबोळी बाईंचा पॅगोडा अंक

आमच्या शाळेच्या ऑफिसात, हेडसरांच्या खुर्चीमागे, काचेचं एक कपाट आहे. त्यात एक भलामोठा कप ठेवलाय आणि कपाला टेकवून एक हस्तलिखित वर्तमानपत्र उभं केलंय. वर ठळक अक्षरात नाव, 'सातवा मजला'. खाली, इयत्ता सातवी ब, पॅगोडा विशेषांक. पाहुणे येतात, वाकून बघतात आणि म्हणतात, वा, काय अक्षर आहे हो मुलांचं. हेडसर हसतात आणि चहा सांगतात. इकडे माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण तो अंक खोटा आहे. त्यातलं एकही अक्षर मुलांच्या हातचं नाही. आणि खरा अंक ज्यांनी मुलांकडून करून घेतला, त्या तांबोळी बाईंचं नाव त्या कपाटात कुठं औषधालासुद्धा सापडायचं नाही.

शमीम तांबोळी. आमच्या निघोज्याच्या शाळेत चित्रकलेच्या बाई. कायम नव्हत्या, तासावर होत्या. तासावर म्हणजे काय, तर काम सगळ्यांएवढं आणि मस्टरवर नाव सगळ्यांच्या खाली, पेन्सिलीनं. राहायला दिघीला. दोन बस बदलून आणि शेवटी शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर बसून यायच्या, तरी प्रार्थनेला कधी उशीर नाही. वडील चाकणला ट्रकच्या नंबरप्लेटा रंगवायचे. भावाचं टू-व्हीलरचं गॅरेज. बाईंच्या खांद्यावर एक कापडी पिशवी असायची, तिचा बंद तुटला तेव्हा भावानं तो क्लचच्या वायरनं जोडून दिला होता. त्या पिशवीत नेहमी जुन्या कॅलेंडरांची पानं. मागची बाजू कोरी असते ना, त्यावर मुलांना चित्रं काढायला द्यायच्या.

स्टाफरूममध्ये त्या फारशा बसत नसत. डबा घेऊन सातवी ब च्या पायऱ्यांवर मुलांत जाऊन बसायच्या. सातवी ब म्हणजे आमच्याकडं उरलेल्यांचा वर्ग. कुणी जालन्याकडचं, कुणी लातूरकडचं, कुणी बिहारमधून आलेलं. बाप कंपनीत, आई कंपनीच्या कँटीनमध्ये. कंत्राट संपलं की वर्षाच्या मध्येच पोर दाखला घेऊन गायब. अशा पोरांवर कशाला जीव टाकायचा, असा आमच्यातल्या शहाण्यांचा हिशेब. बाई शहाण्या नव्हत्या.

त्यांचं एक पालुपद होतं, "आधी मोज." मुलगा म्हणाला, बाई, माझं झाड चुकलं, की त्या म्हणायच्या, "आधी फांद्या मोज, मग सांग चुकलं का." कुणी येऊन म्हणालं, बाई, सगळी पोरं मला हसतात, तर "सगळी म्हणजे किती? मोजून ये." पोर मोजून यायचं आणि सांगायचं, तीनच आहेत. मग त्याचं त्यालाच हसू यायचं.

एकदा वरून साहेब आले तपासणीला. मुलांच्या चित्रांतली झाडं राखाडी. साहेबांनी विचारलं, "झाडं हिरवी नको का?" हेडसरांचा चेहरा पडला. बाई उठल्या आणि खिडकी उघडली. बाहेर रस्त्यावरून कंटेनर चाललेले, कडेच्या लिंबावर बोटभर धूळ. "साहेब, इथं बसून हिरवं काढलं तर ती कॉपी होईल," बाई म्हणाल्या. साहेब बिचारे भले होते, हसले. हेडसर मात्र हसले नाहीत, आणि ते विसरलेही नाहीत.

आणि बाईंचा खोडरबर बंद होता. त्यांच्या तासाला खोडरबर वर काढायचा नाही, व्हाइटनरचं तर नावच नको. चूक झाली की त्यावर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं आणि रेघेपाशी आपली छोटी सही करायची. "चूक माझी आहे, हे सांगायला लाज कसली? दुसऱ्यानं येऊन पुसली तर लाज." हे त्यांनी वडिलांकडून उचललेलं. वडिलांनी म्हणे एकदा एका ट्रकच्या नंबरात तिनाचा आठ केला होता. ट्रक निघून गेल्यावर लक्षात आलं. तसेच ब्रश आणि डबा घेऊन दुसऱ्या गाडीत बसले, शिक्रापूरच्या पुढं ढाब्यावर तो ट्रक गाठला आणि नंबर दुरुस्त करून आले. ड्रायव्हरला स्वतः सांगितलं, चूक माझी. बाई ही गोष्ट दर वर्षी पोरांना सांगायच्या. स्वतःही तसंच वागायच्या. एकदा फळ्यावर नकाशात नदी उलटी वाहवली. तर रेघ मारून खाली 'शमीम तांबोळी' अशी सही, आणि आठवडाभर ती तशीच. मला ते बघून मनातल्या मनात हसू आलं होतं. मी मराठी शिकवतो. माझं अक्षर चांगलं आहे. चांगलं म्हणजे पंचक्रोशीत नाव असलेलं. दाराजवळच्या फळ्यावरचा रोजचा सुविचार मीच लिहितो. माझ्या फळ्यावर कधी रेघ मारायची वेळ आली नाही, याचा मला अभिमान होता. आता त्या अभिमानाला काय म्हणावं, ते पुढं कळेल.

पॅगोड्याचं खूळ सुरू झालं ते वैष्णवीमुळं. ही जालन्याकडची मुलगी. तिच्या वडिलांच्या कंपनीत चीनहून नवीन मशीन आलं होतं, ते बसवायला दोन चिनी इंजिनिअर आले होते, आणि जाताना त्यांनी सगळ्यांना भिंतीवरची कॅलेंडरं वाटली. दर महिन्याला एक पॅगोडा. वैष्णवीच्या आईनं ती जाड, गुळगुळीत पानं बघितली आणि पोरीच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घातली. त्यामुळं गणितावर एक पॅगोडा, भूगोलावर दुसरा.

"हे काय गं?" बाईंनी विचारलं.

"चीनचं देऊळ हाय बाई. पप्पांच्या कंपनीतलं."

"मजले मोज."

तिनं मोजले. सात. मग वर्गातल्या पोरांनी सगळ्या वह्या गोळा करून सगळे पॅगोडे मोजले. सात, नऊ, तेरा, पाच. सगळे विषम. आठ मजल्यांचा एकही नाही. "का बरं?" असं म्हणून बाई गप्प बसल्या. बस, पोरं पेटली. पुढचे दोन महिने त्या वर्गानं दुसरं काही केलं असेल असं वाटत नाही. ग्रंथालयातली धूळ झटकली, बापांचे मोबाईल मागून घेतले. पॅगोडा म्हणजे मुळात आपल्याकडचा स्तूपच, भिक्षूंबरोबर तिकडं गेला आणि उंच झाला, हे कळल्यावर तर त्यांना जणू गाववालाच भेटला. लाकडाचा एक पॅगोडा लोखंडाचा खिळा न वापरता, लाकडात लाकूड अडकवून बांधलाय, हे वाचल्यावर घरोघरी वाद सुरू झाले. पोरांचे बाप फिटर, वेल्डर. त्यांना ते पटेना. अरमानच्या अब्बांचं चाकणला पंक्चरचं दुकान, ते मुद्दाम दुकान बंद ठेवून शाळेत आले आणि बाईंना विचारू लागले, "मॅडम, बोल्टशिवाय ते धरतं कशावर?" बाईंनी त्यांना तासाला मागच्या बाकावर बसवलं आणि अरमानलाच समजावून सांगायला लावलं.

मग ठरलं, पॅगोड्यावर हस्तलिखित वर्तमानपत्र काढायचं. पुस्तकासारखं नाही, रोजच्या पेपरसारखं. मोठे कार्डशीट, पेन्सिलीनं आखलेले रकाने, ठळक बातमी, अग्रलेख, हवामान, छोट्या जाहिराती. वर्गातल्या प्रत्येकाचा मजकूर, प्रत्येकाच्या अक्षरात. बाईंनी सगळ्यांसमोर शब्द दिला, "जे लिहाल, जसं लिहाल, तसंच भिंतीवर लागेल. कुणी हात लावणार नाही."

हा शब्द ध्यानात ठेवा. पुढची सगळी भानगड या शब्दाची आहे.

स्टाफरूममध्ये लगेच कुजबूज सुरू झाली. आपल्याकडं गडकिल्ले काय कमी आहेत, चीनचं कौतुक कशाला? एक जण म्हणाला, "आज चीन, उद्या बाई पाकिस्तान काढतील." सगळे हसले. मीही हसलो. बाई दारातच होत्या. राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उलट खाली जायचा. "आपण असं बोलू नये," एवढंच म्हणून त्या वह्यांचा गठ्ठा घेऊन गेल्या.

अंक तयार झाला तेव्हा मी वाचला. खरं सांगतो, इतक्या वर्षांत एवढं जिवंत मराठी माझ्या एकाही निबंधाच्या वहीत आलं नव्हतं. एकानं लिहिलं होतं, "आपला स्तूप चीनला गेला आणि तिथं त्याच्यावर मजले चढले, जसे आमच्या खोलीमालकानं चाळीवर चढवले. पण पॅगोडा भूकंपात पडला नाही. आमचा मालक म्हणतो बघू." अरमाननं लिहिलं, "ज्यात बोल्टच नाही ते ढिलं होत नाही, असं अब्बांना शेवटी पटलं." वैष्णवीचं तर तोंडपाठ आहे मला. "पॅगोड्याच्या कोपऱ्यांना घंटा असतात. त्या वाऱ्यानं वाजतात, कुणी वाजवत नाही. आमच्या घरी भोंगा ऐकू येतो, तो कंपनी वाजवते, मग पप्पा उठतात." आणि बालाजी. बालाजी सातवीत होता आणि तोवर त्यानं स्वतःहून एक ओळ लिहिली नव्हती. या अंकात त्यानं चार ओळी लिहिल्या. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चार ओळींत पाच रेघा आणि पाच सह्या. बाईंनी त्या चार ओळी पहिल्या पानावर घेतल्या.

तेवढ्यात एका ट्रस्टची आंतरशालेय हस्तलिखित स्पर्धा जाहीर झाली. हेडसरांनी अंक मागवला, चाळला, आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"गुंजाळ सर, विषय वेगळा आहे, नंबर येईल. पण ही काटछाट घेऊन गेलो तर शाळेची अब्रू जाईल हो. तुमचं अक्षर मोत्यासारखं. फेअर करून टाका. मजकूर मुलांचाच आहे, आपण फक्त सुंदर करायचंय."

"बाईंना विचारलं?" मी म्हणालो.

"बाई तासावर आहेत. शाळा आपली आहे."

आपली! त्या एका शब्दानं मी पाघळलो. काय सांगू, लाज वाटते. शनिवारची दुपार आणि अख्खा रविवार मी शाळेत बसून तो अंक उतरवला. हेडसरांनी लाल पेनानं तीन-चार ठिकाणी खुणा केल्या होत्या. चाळीचा मालक गेला, कंपनीचा भोंगा गेला. बालाजीच्या चार ओळी 'अनावश्यक' म्हणून आतल्या पानावर गेल्या आणि तिथं दोन झाल्या. एकही रेघ नाही, एकही सही नाही. काम संपल्यावर मी लांब उभा राहून बघितलं आणि मला बरं वाटलं. हेही लिहिलंच पाहिजे. मला फार बरं वाटलं होतं.

पहिला नंबर आला. चिंचवडच्या एका सभागृहात बक्षीस समारंभ. सातवी ब ची पोरं धुतलेले गणवेश घालून शाळेच्या बसमधून गेली. बाई त्यांच्यात, मी आणि हेडसर पुढच्या सीटवर. सभागृहाच्या दारापाशीच सगळे अंक टेबलांवर मांडले होते. वैष्णवी आमच्या टेबलापाशी उभी राहिली आणि इकडंतिकडं बघायला लागली.

"सर, आमचा अंक कुठाय?"

मी बोटानं दाखवला. तिनं वाकून वाचलं. आपलं नाव वाचलं, त्याच्या वरचा मजकूर वाचला. "हा आमचा न्हाई," ती म्हणाली. मग सगळीच पोरं जमली. आपापलं नाव शोधायची आणि मागं सरायची. बालाजीनं शोधून शोधून आपल्या दोन ओळी काढल्या. त्यानं बाईंच्या ओढणीला धरलं आणि विचारलं, "बाई, माझं अक्षर घाण होतं म्हणून काढलं का?"

अहो, कुठल्या तोंडानं उत्तर द्यायचं याला? हेडसरांना विचारा. ट्रस्टवाल्यांना विचारा. मुलांचं हस्तलिखित म्हणून स्पर्धा घेता आणि पन्नाशीच्या माणसाचं अक्षर ओळखू येत नाही तुम्हाला? की ओळखून नंबर देता? दोन महिने त्या पोरानं जिवाचं रान केलं, आणि मोठ्या माणसांनी त्याला एका दिवसात शिकवलं की तू नसलेलाच बरा.

बाईंनी अंक उचलला. सरळ परीक्षकांच्या टेबलाशी गेल्या. "हा अंक माझ्या मुलांनी लिहिलेला नाही. बक्षीस परत घ्या." आवाज इतका खाली की परीक्षकांना पुढं वाकावं लागलं. हेडसर धावत गेले, "बाईंची तब्येत बरी नाही," म्हणाले, आणि अंक त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला. कार्यक्रम झाला. कप मिळाला. फोटो निघाला. त्या फोटोत मुलं आहेत. एकही हसत नाही.

सोमवारी मीटिंग. संस्थेचे अध्यक्ष आले होते. चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते त्या दिवशी बघितलं. शाळेची बदनामी केली म्हणून बाईंनाच उभं केलं.

"मुलांनी लिहिलं नाही म्हणता, मग कुणी लिहिलं? नाव सांगा," अध्यक्ष म्हणाले. "नाव सांगितलं तर चौकशी करू. नाही तर आरोप मागे घ्या."

मी अध्यक्षांपासून दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. मान खाली. हेडसर पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. बाईंनी उघड्या दारातून बाहेर बघितलं. दाराजवळच्या फळ्यावर त्या दिवशीचा सुविचार होता. थोडा वेळ त्या तो वाचत राहिल्या.

"ज्यानं लिहिलं त्याला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आरोप मी मागे घेणार नाही."

मला वाटलं, त्यांना माहीत नाही, वाचलो.

जूनमध्ये नवीन वेळापत्रक लागलं. त्यात बाईंचं नाव नव्हतं. पत्र नाही, फोन नाही. त्या पहिल्या दिवशी आल्या, वेळापत्रकासमोर उभ्या राहिल्या, बोटानं एकेक रकाना मोजत खाली गेल्या आणि पिशवी खांद्याला लावून परत फिरल्या. चित्रकलेचे तास पीटीच्या सरांना दिले. आता मुलं त्या तासाला कबड्डी खेळतात.

खरा अंक आमच्या शिपाई मावशींनी मला आणून दिला. निघोज्याच्याच त्या, जुन्या घरातल्या. "सर, ह्यो रद्दीत टाका म्हनले मोठं सर. मला न्हाई बरं वाटलं. पोरांच्या सह्या हायत वो त्यावर." मी तो पिंपळे गुरवला माझ्या घरी नेला आणि कपाटावर ठेवला. बाईंना नेऊन देऊ, नेऊन देऊ म्हणता म्हणता दिवाळी गेली. खरं कारण, धीर होत नव्हता.

शेवटी एका रविवारी सकाळी दिघीला गेलो. त्या भावाच्या गॅरेजशेजारी लहान मुलांचा चित्रांचा वर्ग घेतात, असं कळलं होतं. वर्ग नुकताच सुटला होता आणि बाई बसस्टॉपवर उभ्या होत्या. तीच पिशवी, तीच क्लचची वायर. मला बघून म्हणाल्या, "या सर. शाळा काय म्हणते?"

मी अंक हातात दिला. त्यांनी तिथंच, बाकड्यावर बसून, तो उघडला. चाळीच्या मालकापाशी आल्यावर हसल्या. बालाजीच्या पानावर त्यांचं बोट पाच ठिकाणी थांबलं. सह्या मोजत होत्या. मग मी एकदाचं बोलून टाकलं, "बाई, तो दुसरा अंक मी लिहिला होता."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "रोज तुमचा सुविचार वाचत आत जात होते की मी. तुमचं अक्षर मी ओळखणार नाही होय?"

"मग त्या दिवशी मीटिंगमध्ये का नाही बोललात? नाव सांगितलं असतं तर तुमचं काम राहिलं असतं."

त्यांनी अंकाची घडी नीट घातली. माझ्याकडं बघितलं, नजरेत राग नव्हता, तेच जास्त लागलं. आवाज मात्र खाली गेला.

"सर, चूक तुमची होती. तुमच्या चुकीवर मी कशी सही करणार?"

बस आली. गर्दी होती. त्या चढल्या, एका हातानं दांडी धरली आणि दुसऱ्या हातानं पिशवी पोटाशी आडवी धरली, अंक चुरगळू नये म्हणून. मागं वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हेडसरांकडं काचेच्या कपाटाची चावी मागितली. कशाला, म्हणाले. म्हटलं, त्या अंकावर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एक रेघ मारायची आहे आणि शेजारी माझी सही करायची आहे. ते म्हणाले, चावी हरवली आहे. मी दर सोमवारी मागतो. दर सोमवारी ती हरवलेलीच असते. ती सापडेपर्यंत सही इथं करतो.

दत्तात्रय गुंजाळ, मराठी शिक्षक. चूक माझी.